मुखार्बुद, जनुकांचे नियमन आणि संगणक

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत चिकित्सा करणाऱ्या वैद्याला तंबाखूचा बार भरणारा रुग्ण नवा नाही. तक्रार बहुधा किरकोळ असते. तिखट सोसत नाही, तोंड पुरते उघडत नाही. तपासता गालाच्या आत, बार ठेवण्याच्या नेमक्या जागी, पांढरा चट्टा दिसतो. अशा जागी उद्भवणाऱ्या कर्करोगाविषयी संगणकाच्या साहाय्याने झालेले संशोधन वैद्यबंधू-भगिनींनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

मानवी पेशीत सुमारे २०,००० जनुके असतात. यकृताच्या व त्वचेच्या पेशींत जनुके तीच. मात्र कोणते जनुक केव्हा आणि किती कार्यरत व्हावे, याचे नियमन निराळे असते. कर्करोगात हेच नियमन बिघडते.

गाल व हिरडीच्या कर्करोगाचा असा अभ्यास भारतातच झाला. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था आणि टाटा मेमोरियल सेंटरचे खारघर येथील संशोधन केंद्र ‘ॲक्ट्रेक’ यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. निष्कर्ष २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रथम ५० रुग्णांच्या अर्बुदातील व रक्तातील जनुके वाचून त्यांची तुलना करण्यात आली; पुढे आणखी ६० रुग्णांत पडताळणी झाली. रक्तातही आढळणारे बदल जन्मजात म्हणून वगळले गेले. उरलेल्यांपैकी बरेच बदल केवळ योगायोगाचे असतात. म्हणून एखादे जनुक अपेक्षेपेक्षा अधिक रुग्णांत बिघडले आहे काय, याचे गणित मांडावे लागते. एवढी आकडेमोड संगणकावाचून अशक्य.

या गणितातून पुढे आलेल्या जनुकांत टीपी-५३ होते. त्याचे प्रथिन डीएनएला इजा होताच पेशीचे विभाजन थांबवते व दुरुस्ती करणारी जनुके जागी करते. एमएलएल-४ आणि एआरआयडी-२ ही जनुकेही आढळली. डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो; ही गुंडाळी कोठे सैल व्हावी, म्हणजे कोणते जनुक वाचले जावे, यावर त्या दोहोंचा प्रभाव असतो. एक नियामक बिघडला की त्याच्या अधीन असलेल्या अनेक जनुकांचे कार्य विस्कटते.

या नियमनाची त्रिदोषांशी घाईने सांगड घालू नये. तसे करण्याने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. संगणकाचा निष्कर्षही अंतिम नव्हे. तो संशयित दाखवतो, पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो.

तरीही आपल्यासाठी बोध स्पष्ट आहे. हे बदल एका दिवसात होत नाहीत. वर्षानुवर्षे साचत जातात. त्या काळात रुग्ण आपल्याच समोर बसलेला असतो. सुश्रुतांनी ६५ मुखरोग सांगितले, ते मुखपरीक्षण केल्याखेरीज नव्हे. म्हणून तंबाखू खाणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे तोंड उजेडात पाहावे. पांढरा वा लाल चट्टा, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास केवळ कवल-गंडूषावर महिने घालवू नयेत. रुग्णास शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालयात पाठवून तज्ज्ञांच्या सल्ल्याने ऊतक-परीक्षा करून घ्यावी, आणि तंबाखू सोडण्याचा आग्रह त्याच दिवसापासून धरावा. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. ती पायरी चढवण्याची संधी संगणकाला नाही, वैद्याला आहे.