जनुकरचना व पटल-प्रथिने

कोशिकेच्या बाह्य वा अंतर्गत पटलांत रुतलेल्या प्रथिनांना पटल-प्रथिने म्हणतात. पटलाचा गाभा मेदी असल्यामुळे त्यातून आरपार जाणारा प्रथिनाचा भाग बहुधा सुमारे २० जलविरोधी ॲमिनो अम्लांच्या सर्पिलाचा असतो. एका ॲमिनो अम्लासाठी तीन न्यूक्लिओटाइडे लागतात. म्हणून अशा सर्पिलाचा संकेत सुमारे ६० न्यूक्लिओटाइडांत सामावतो.

प्राण्यांच्या बहुतेक जनुकांत संकेत सलग नसून एक्झॉन नावाच्या खंडांत विभागलेला असतो. मधले इंट्रॉन आरएनए सिद्ध होताना गाळले जातात. काही प्रथिनांत या खंडांच्या सीमा प्रथिनाच्या भागांशी जुळतात. उदा., तांबड्या कोशिकांतील ग्लायकोफोरिन-ए या प्रथिनाचा पटलातील भाग पाचव्या एक्झॉनात संकेतित असतो. परंतु हा सार्वत्रिक नियम नव्हे. १९ व्या गुणसूत्रावरील एफयूटी-१ जनुकात ३६५ ॲमिनो अम्लांच्या एंझाइमाचा सर्व संकेत एकाच एक्झॉनात असतो. हे एंझाइम एका सर्पिलाने गॉल्जी पिंडाच्या पटलात रोवलेले असून त्याचा विक्रियाकारी भाग पिंडाच्या पोकळीत असतो. ते शर्करा-साखळीला फ्यूकोज जोडून एच प्रतिजन तयार करते. ए व बी प्रतिजन या एच प्रतिजनापासूनच बनतात.

बाँबे रक्तगट : मुंबईत १९५२ साली वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एच प्रतिजनाचाच अभाव असलेल्या रक्ताचे वर्णन केले. भारतातील अशा अनेक व्यक्तींत एफयूटी-१ जनुकाच्या ७२५ व्या स्थानी थायमिनाऐवजी ग्वानीन आढळते. त्यामुळे २४२ वे ॲमिनो अम्ल ल्यूसीन न राहता आर्जिनीन होते. हा बदल पटलातील सर्पिलात नसून विक्रियाकारी भागात आहे. तथापि एवढ्याने एंझाइम निष्क्रिय होते. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले, तरच हा गट प्रकट होतो.

नेहमीच्या प्रतिरक्तद्रवांनी केवळ कोशिका तपासल्यास हे रक्त ओ गटाचे भासते. मात्र अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात एच प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ओ गटाच्या कोशिकांवर तर एच प्रतिजन विपुल असते. त्यामुळे ओ गटाचे रक्त दिल्यास दिलेल्या कोशिका नष्ट होऊन रुग्णाच्या जिवास धोका पोहोचतो. अशा रुग्णास बाँबे गटाचेच रक्त द्यावे लागते. यास्तव रक्ताधानापूर्वी दाता व रुग्ण यांच्या रक्तांची परस्पर-जुळणी आणि शंका असल्यास एच-विरोधी द्रव्याने चाचणी करणे अगत्याचे असते.