शुभ्र शिंपला आणि हरभऱ्याची गाठ

कोकणच्या खाड्यांत मिळणाऱ्या तिसऱ्या आपणांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. दोन शिंपा, त्यांना मागच्या बाजूस जोडणारी बिजागरी, आत मऊ अंग, वाळूत रुतण्यासाठी मांसल पाय आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्न वेचणारे कल्ले, अशी या प्राण्याची सर्वसाधारण रचना असते. परंतु याच कुळधर्माचा एक प्राणी असा आहे की, त्याच्या शरीररचनेपासून कडधान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्यासही बोध घेता येतो.

सन १९७७ मध्ये प्रशांत महासागरात, गॅलापागोस बेटांनजीक सुमारे २,५०० मीटर खोलीवर, ‘आल्विन’ या पाणबुडीतून समुद्रतळाची पाहणी चालू होती. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तरीही खडकांच्या भेगांतून ऊन पाणी झिरपत होते, त्या ठिकाणी मोठमोठ्या पांढऱ्या शिंपल्यांची दाटी आढळली. केनेथ बॉस व रूथ टर्नर या दोन शास्त्रज्ञांनी या प्राण्याचा अभ्यास करून १९८० मध्ये त्याचे नवी जाती म्हणून वर्णन प्रसिद्ध केले व त्यास ‘कॅलिप्टोजेना मॅग्निफिका’ असे नाव दिले.

नव्या जातीचे वर्णन करताना प्रथम शिंप्याचा आकार, जाडी, पृष्ठभागावरील वाढीच्या रेषा, बिजागरीचे दात आणि शिंपा मिटविणाऱ्या स्नायूंच्या आतील खुणा पाहतात. या जातीचा शिंपा लांबट, जाड व शुभ्र असून सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे वीतभर वाढतो. बाह्य लक्षणे एवढी झाली. खरे नवल आत होते. शिंपा उघडताच रक्त तांबडे दिसले, कारण त्यात आपल्या रक्ताप्रमाणेच हिमोग्लोबिन असते. कल्ले फार मोठे व जाड होते, तर अन्नमार्ग मात्र अगदी आखूड व दुबळा होता. मग एवढा मोठा देह पोसला जातो कशावर?

पुढील संशोधनाने याचा उलगडा झाला. त्या जाड कल्ल्यांच्या पेशींत असंख्य जिवाणू राहतात. हा प्राणी आपला पाय खडकाच्या भेगेत खुपसून ऊन पाण्यातील हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गंधकयुक्त वायू, शोषून घेतो आणि कल्ल्यांवाटे प्राणवायू घेतो. रक्त ही दोन्ही द्रव्ये जिवाणूंपर्यंत पोहोचविते. जिवाणू त्यांपासून शक्ती मिळवून अन्न तयार करतात व त्यावर यजमानाचे पोषण होते.

शेतकरी बंधूंनो, अशीच भागीदारी आपल्या हरभऱ्याच्या मुळांवरही चालते. मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात व हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. पीक फुलावर येण्याच्या सुमारास एखादे झाड मुळासकट हलकेच उपटावे व गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी दिसली, तर जिवाणू काम करीत आहेत असे समजावे. तो रंगही हिमोग्लोबिनच्या जातीच्याच द्रव्याचा असतो. गाठी मुळीच नसल्या किंवा आतून पांढऱ्या वा हिरवट असल्या, तर पिकास नत्राचा लाभ होत नाही.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. त्या शिंपल्याची मादी आपले जिवाणू अंड्यांतूनच पिलांना देते. हरभऱ्याच्या दाण्यात असा वारसा नसतो. जमिनीत योग्य जिवाणू नसतील, तर गाठी धरत नाहीत. म्हणून पेरणीपूर्वी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणू संवर्धन गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. हरभऱ्याचे संवर्धन तुरीस किंवा भुईमुगास चालत नाही. पाकिटावरील पिकाचे नाव व मुदत अवश्य वाचावी.

ग्रामसेवकांनी शिवारफेरीत प्रत्येक शेतातील दोन-चार झाडे उपटून गाठी कापून दाखवाव्यात. शिंप्याचे बाह्यरूप पाहून त्या प्राण्याचे पोषण कळले नाही. तसेच नुसत्या हिरव्या पाल्यावरून मुळांचे काम कळत नाही. त्यासाठी आत पाहावे लागते.