हिंसक नायिका, चित्रपटांतील
मारधाडपटांत शस्त्र हाती घेऊन सूड उगविणारी स्त्री-व्यक्तिरेखा. जॅक हिल दिग्दर्शित कॉफी (१९७३) या अमेरिकन चित्रपटात ती ठळकपणे आढळते. धाकट्या बहिणीला हेरॉइनच्या व्यसनात लोटणाऱ्यांना ठार करणाऱ्या परिचारिकेची ही भूमिका पॅम ग्रिअर हिने केली. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला असे कर्तेपण त्या काळी विरळाच लाभे. मात्र वेश्येचे सोंग घेऊन शत्रूला भुलविल्यावरच तिची बंदूक चालते आणि कॅमेरा तिच्या अनावृत देहावर रेंगाळतो. हॉलिवुडपटांत स्त्री ही पुरुषी दृष्टीचा विषय म्हणून रचली जाते, असे प्रतिपादन लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये केले. एलियन (१९७९) मधील रिप्ली धैर्य व बुद्धी यांच्या बळावर तगते; तथापि अखेरच्या झुंजीपूर्वी तीही केवळ अंतर्वस्त्रांत दाखविली आहे.