धावताना हृदय थकत का नाही?

मुलांनो, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवा. ठोके लागतात ना? ही नाडी. उर्दूत आपण हिला नब्ज म्हणतो. एक मिनिट ठोके मोजा. मग हिवरखेडच्या आपल्या शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारा आणि पुन्हा मोजा. आकडा वाढलेला दिसेल.

समजा, 75 ठोक्यांचे 150 झाले. आधी एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळत होते, आता फक्त 0.4 मिळतात. तेवढ्यात हृदयाने आकुंचन पावून रक्त ढकलायचे आणि सैल होऊन पुन्हा भरायचे. घाईत काम बिघडते, असे आपण म्हणतो. पण निरोगी हृदयाचे उलट आहे. ठोके वाढले की त्याचे आकुंचन अधिक जोरदार होते. 1871 साली हेन्री बाउडिच यांनी बेडकाच्या हृदयात हे पाहिले. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ठोक्यांचा जोर चढत गेला.

हा जोर येतो कोठून? लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत. नळाच्या पाण्यात ते बराच वेळ धडधडत राही. पाणी वाफेतून शुद्ध करून वापरले, तर लवकरच बंद पडे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते, हे त्याचे कारण त्यांनी 1883 साली सांगितले. जड पाण्यामुळे भांड्यावर पांढरा थर बसतो, त्यातही हेच कॅल्शियम असते.

हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमची जणू एक टाकी असते. ठोक्याच्या वेळी टाकीची झडप उघडते आणि कॅल्शियम बाहेर येते. ते ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. ट्रोपोनिन कडीसारखे आहे. कडी उघडली की स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात आणि हृदय आवळते. मग सर्का नावाचे प्रथिन पंपासारखे काम करून कॅल्शियम पुन्हा टाकीत भरते आणि हृदय सैल पडते.

ठोके वाढले की बाहेरून पेशीत येणारे कॅल्शियमही वाढते. पंप ते टाकीत साठवतो. टाकी जास्त भरली की पुढचा ठोका जास्त जोरदार. या पंपाला फॉस्फोलॅम्बन नावाच्या प्रथिनाचा ब्रेक असतो. आपण धावतो तेव्हा शरीरातील ॲड्रिनलिन हा ब्रेक सैल करते, म्हणून पंप वेगाने चालतो.

अशक्त झालेल्या हृदयात मात्र बहुधा हा पंप मंद पडलेला असतो. टाकी नीट भरत नाही. ठोके वाढले, तरी जोर वाढत नाही. कधी कधी तो घटतो. असा माणूस थोडे चालला तरी त्याला दम लागतो.

म्हणून घरातील दादाजान किंवा नानी चालता चालता थांबल्या, तर त्यांना घाई करू नका. त्यांच्याबरोबर थांबा. दम वारंवार लागत असेल, तर घरच्यांना सांगा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या.