आयरचे पाणी आणि आजीची पेटी

२६ डिसेंबर २०१५ रोजी लीड्सच्या कर्कस्टॉल रस्त्यावर आयर नदीचे पाणी शिरले, तेव्हा मला मॉरिशसच्या आजीची पत्र्याची पेटी आठवली. १९६० च्या ‘कॅरोल’ चक्रीवादळापासून ती वादळांचा मोसम लागताच कागदपत्रे मेणकापडात गुंडाळी, काडेपेट्या डब्यात बंद करी. तिचा वैरी वारा. आपला, जमिनीवरून सरपटत येणारे पाणी. म्हणून आपली पेटी माडीवर हवी : पारपत्रे, औषधे, विजेरी, पिण्याचे पाणी आणि खापरपणजोबांच्या करारपत्राची प्रत. पाणी दाराशी येण्यापूर्वीच विजेची मुख्य कळ बंद करावी; वीज गेल्यास १०५ क्रमांक फिरवावा. २०१७ साली क्राउन पॉइंटला हलते बंधारे झाले खरे. पण छप्पर पक्के झाल्यावरही आजी पेटी भरीतच असे.