नवा प्रोसेसर घेण्यापूर्वी...

संगणकावर खेळ खेळणाऱ्यांना काही वर्षांनी एक प्रश्न हमखास पडतो. प्रोसेसर बदलायचा, तर जुन्याच पिढीतला वरच्या दर्जाचा घ्यावा की थेट नव्या पिढीकडे वळावे? केवळ पिढीचा आकडा पाहून याचे उत्तर मिळत नाही. संगणक नेमका कोठे अडतो आहे आणि नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसेल का, या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

खेळ चालू असताना काम वाटलेले असते. पात्रे कोठे आहेत, गोळी कोणाला लागली, शत्रूने पुढे काय करावे, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्यानुसार चित्र रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. दोघांपैकी जो मंद, त्याच्या गतीने खेळ चालतो. याची चाचणी घरीच करता येते. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करून खेळाचे रिझोल्यूशन कमी करावे. प्रति सेकंद फ्रेमची संख्या चांगलीच वाढली, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे. नव्या प्रोसेसरवरील खर्च बहुतांशी वाया जाईल. संख्या जवळपास तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसर कमी पडत आहे.

पुढचा मुद्दा सॉकेटचा. एएमडीच्या पहिल्या रायझन पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून, ५००० मालिकेपर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर एएम-४ या एकाच सॉकेटवर बसतात. त्यामुळे जुना रायझन वापरणाऱ्याला अनेकदा केवळ बायोस अद्ययावत करून ५००० मालिकेतील प्रोसेसर बसवता येतो. मात्र आपल्या मदरबोर्डच्या उत्पादकाची यादी आधी तपासलीच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ७००० मालिकेसाठी एएम-५ मदरबोर्ड आणि डीडीआर-५ मेमरी लागते. म्हणजे प्रोसेसर एक, पण खरेदी तीन वस्तूंची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत व्हायला वेळ लागत नाही. त्यातच २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती झपाट्याने वाढल्या.

जुनी पिढी म्हणजे दुबळी, असेही नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी या प्रोसेसरची कमाल गती साध्या ५८००एक्सपेक्षा कमी आहे. तरीही त्यातील तिसऱ्या स्तराची कॅश ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट असल्याने अनेक खेळांत तो सरस ठरला. लागणारी माहिती जवळच सापडली, की मंद मेमरीकडे वारंवार धाव घ्यावी लागत नाही, हे त्यामागचे कारण.

इंटेलच्या बाबतीत बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी एकाच सॉकेटवर बसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला मात्र नवा मदरबोर्ड लागतो. ही मालिका नवी असूनही अनेक खेळांत चौदाव्या पिढीच्या मागे राहिली. दुसरीकडे, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे उद्भवणारी अस्थिरता २०२४ मध्ये उघड झाली. इंटेलने त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्तीपूर्वी झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही. म्हणून या पिढ्यांतील वापरलेला प्रोसेसर घेताना वॉरंटीची खात्री करून घ्यावी.

मग नवी पिढी कोणी घ्यावी? ज्याचा मदरबोर्ड इतका जुना आहे, की त्यावर बसणारा सर्वांत चांगला प्रोसेसरही पुरेसा ठरणार नाही, त्याने. विंडोज १० ची नियमित मदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली असून, इंटेलच्या सातव्या पिढीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा ग्राहकाला मदरबोर्ड बदलण्यावाचून फारसा पर्याय नाही. तेव्हा तो पुढेही उपयोगी पडेल असा घ्यावा. एएम-५ ला २०२७ आणि त्यानंतरही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इतरांनी मात्र आहे त्याच मदरबोर्डवर चांगला प्रोसेसर बसवून उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.