एक प्रदेश, चार नावं आणि उंटांचा बिनव्हिसा प्रवास

माहीत आहे का? जगात असाही एक प्रदेश आहे, ज्याचं नाव घेतलं की तुम्ही कोणत्या पार्टीचे ते समोरच्याला लगेच कळतं!

लोकेशन : आफ्रिकेचं शिंग. इथिओपियाचा पूर्वेकडचा भलाथोरला कोपरा, सोमालियाला अगदी खेटून. भाषा सोमाली, धर्म इस्लाम, दौलत म्हणजे उंट आणि पासपोर्ट मात्र इथिओपियाचा. क्षेत्रफळात ओरोमियानंतर देशात दुसरा नंबर. राजधानी जिजिगा. नाव उच्चारायलाही मस्त, नाही का?

आता नावांची परेड बघा. जुने नकाशे म्हणतात ‘ओगाडेन’. पण हे एका कुळाचं नाव! इथेच राहणारे इस्सा, इसाक वगैरे कुळांचे लोक विचारतात, मग आम्ही कोण? सोमालियात सामील होऊ पाहणारे म्हणत ‘पश्चिम सोमालिया’. 1990च्या दशकात अदिस अबाबाच्या सरकारने तर सरळ नंबरच लावला, ‘किलिल 5’, म्हणजे पाचवा प्रांत. आणि आजचं सरकारी नाव ‘सोमाली प्रादेशिक राज्य’. जमीन एक, पाट्या चार!

सोमालियाच्या निळ्या झेंड्यावरचा पांढरा तारा पाहिलाय? त्याची पाच टोकं म्हणजे सोमाली लोकांचे पाच तुकडे : ब्रिटिश, इटालियन आणि फ्रेंच सोमालीलँड, केनियाचा उत्तर भाग आणि आपलं हे ओगाडेन. 1960 मध्ये यातली दोनच टोकं एकत्र आली. म्हणजे शेजाऱ्यांच्या जमिनीवरचा दावा थेट झेंड्यावर! शेजाऱ्यांना हा ताऱ्याचा तोरा मानवला नाही, हे वेगळं सांगायला नको.

थांबा, यात मुंबई आहे! ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार 1898 पर्यंत एडनहून चाले आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे रुपया चालायचा. 1903 मध्ये तर हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटंच ‘ब्रिटिश सोमालीलँड’ असा छाप मारून वापरली गेली. याच काळात, 1897 मध्ये, ब्रिटनने इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक याच्याशी तह करून सोमाली गुराख्यांची चराऊ कुरणं परस्पर देऊन टाकली. उंटांच्या देशात उंटावरून शेळ्या हाकल्या त्या साहेबांनी!

तिकिटांवरून आठवलं. पहिल्या महायुद्धात साथ दिली म्हणून ब्रिटनने जुबा नदीपलीकडची सोमाली भूमी इटलीला बक्षीस दिली. ‘ओल्ट्रे जुबा’ नावाची ही वसाहत टिकली जेमतेम वर्षभर, 1925 ते 1926. पण तेवढ्यात तिची स्वतःची तिकिटं निघालीसुद्धा! फिलाटेलिस्ट मंडळी, नोंद घ्या.

आता भेटा या फीचरच्या सुपरस्टारला. सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन : योद्धा, धर्मगुरू आणि कमालीचा कवी. वडिलांकडून ओगाडेन कुळाचा. ब्रिटिश त्याला ‘वेडा मुल्ला’ म्हणत, पण या ‘वेड्या’ने त्यांना वीस वर्षं झुंजवलं. 1900 मध्ये जिजिगाच्या इथिओपियन फौजेवरही तो तुटून पडला. त्याची कविता म्हणजे शस्त्रच. लिहून ठेवायची सोय नाही, मग लोक ती तोंडपाठ करत आणि तांडे ती पुढे नेत. 1913 मध्ये रिचर्ड कॉरफिल्ड हा इंग्रज अधिकारी लढाईत पडला, तर सय्यदने त्याच्या मरणावरही कविता रचली! अखेर 1920 मध्ये ब्रिटिशांनी चक्क विमानं आणून बॉम्ब टाकले. तो निसटून ओगाडेनमध्ये आला आणि त्याच वर्षी इमी इथे इन्फ्लुएन्झाने गेला. आज त्याचा घोड्यावरचा पुतळा जिजिगात दिमाखात उभा आहे. सोमालियाचा राष्ट्रीय हिरो, पुतळा इथिओपियात. सॅल्यूट!

विहिरींवरून महायुद्धाची नांदी होते, माहीत आहे का? याच ओगाडेनमधल्या वालवाल नावाच्या पाणवठ्यावर इटलीने किल्ला बांधला. गंमत म्हणजे इटलीच्याच जुन्या नकाशांत ही जागा इथिओपियात होती! 5 डिसेंबर 1934 रोजी तिथे चकमक उडाली, दोन्हीकडची माणसं मेली. राष्ट्रसंघाच्या दारात महिनोन्‌महिने खल झाला आणि लवादाचा निकाल आला : दोष कोणाचाच नाही! पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर 1935 मध्ये, मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केलं. या निकालाची मला आजही चीड येते.

दुसऱ्या महायुद्धात यातला बहुतेक पट्टा ब्रिटिश लष्कराकडे आला. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी 1946 मध्ये बहुतेक सोमाली एकाच कारभाराखाली ठेवायचं सुचवलं. आयडिया फ्लॉप! 1948 मध्ये ओगाडेन आणि 1954च्या करारानुसार हाउद या भागातली कुरणं इथिओपियाकडे गेली. करारात एक भन्नाट कलम होतं : जमीन इथिओपियाची, पण चरण्याचा हक्क पलीकडच्या गुराख्यांचा. उंटांना व्हिसा नको!

आणि हा क्लायमॅक्स. जुलै 1977. हुकूमशहा सियाद बारेच्या सोमालियाने ओगाडेनवर चढाई करून जिजिगा घेतलं. सोव्हिएत रशिया तोवर सोमालियाचा जिगरी दोस्त. त्याने सरळ बाजू बदलली आणि इथिओपियाला शस्त्रं पुरवली. हजारो क्युबन सैनिक अटलांटिक ओलांडून लढायला आले. मार्च 1978 मध्ये सोमालियाने माघार घेतली. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की तर म्हणाले की अण्वस्त्रांचा सॉल्ट करार ओगाडेनच्या वाळूत गाडला गेला. सामान्य माणसं लाखोंनी निर्वासित झाली, आणि अशा गप्पांत ही ओळ कधीही गाळू नये.

क्विक बाइट : मोयाले शहर. निम्मं केनियात, निम्मं इथिओपियात. इथिओपियाच्या निम्म्यावर पुन्हा ओरोमिया आणि सोमाली अशा दोन राज्यांचा दावा! 2004 मध्ये या दोन राज्यांच्या सीमेवरच्या चारशेहून अधिक वस्त्यांत सार्वमत झालं आणि बहुतेक ओरोमियाकडे गेल्या. वाद काही थांबला नाही.

ऑक्टोबर 2018 मध्ये ओगाडेनच्या बंडखोर आघाडीने असमारामध्ये इथिओपिया सरकारशी शांतता करार केला. पण सीमेचा घोळ बाकीच आहे : पोरांच्या दप्तरातला अ‍ॅटलास उघडा आणि इथिओपिया-सोमालिया सीमा शोधा. कित्येक नकाशांत तिचा दक्षिणेकडचा भाग तुटक रेघेने दाखवलेला सापडेल. ब्रिटिशांनी 1950 मध्ये ‘तात्पुरती’ म्हणून आखलेली ती रेघ अजूनही तात्पुरतीच आहे.